तात्यांनी रॅकेटची जोडी फोडली

बावड्यात कुणाला बैल घ्यायचा असला की तो आधी बाजाराचा वार बघायचा नाही, आधी दत्तोबातात्यांची सवड बघायचा. तात्या मोकळे असले तर बाजार, नसले तर बैल पुढच्या आठवड्यात. तात्या बाजारात शिरले की दलाल मंडळी आपापल्या बैलांच्या पाठीवरनं हात फिरवत हसायला लागत, आणि ते हसणं काही आनंदाचं नसे. कारण इतर लोक आधी बैलाचं तोंड उघडून दात बघत, तात्या तोंड शेवटी बघत. आधी लांब उभं राहून तंबाखू मळत बैल नुसता उभा कसा राहतो ते बघायचे. मग चालवून, मग वळवून, मग मागं सरकवून. दातावरनं वय कळतं, चालीवरनं जात कळती, असं त्यांचं म्हणणं. सगळं झालं की बैलाच्या खांद्यावर तळवा ठेवून डोळे मिटायचे. त्या वेळी ते इतके निवांत दिसत की एकदा एका नवख्या दलालाला वाटलं, म्हाताऱ्याला उभ्याउभ्या डुलकी लागली.

तात्यांची बाकीची मतं वाऱ्यासारखी इकडून तिकडं जात. एक मत मात्र खळ्यातल्या मेढीसारखं रोवलेलं होतं. बैल एकटा घ्यायचा नाही, जोडी घ्यायची. आणि जोडी म्हणजे उंचीला उंची, शिंगाला शिंग, चालीला चाल. एक उंच आणि एक बुटका जुंपला की जू कलतं आणि सगळा भार एकाच्या मानेवर येतो. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी हे शिकवलं होतं. कुणी सोयरीक जमवताना सल्ला विचारायला आलं तरी तात्यांचा पहिला प्रश्न असे, पोरगी उंचीला कितपत हाय.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पंच्याण्णव साली तात्यांनी टेनिसची रॅकेट घेतली आणि ती बैलासारखी घेतली.

त्याचं मूळ इंदापूरच्या डॉक्टरांत होतं. त्यांनी तात्यांचं रक्त तपासलं आणि साखर निघाली. तात्या घरी येऊन कौसल्याबाईंना म्हणाले की तीस वर्षं कारखान्याला ऊस घातला, त्यातली थोडी साखर कारखान्यानं आपल्याच अंगात साठवली म्हणायची. डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं होतं. आता बावड्यासारख्या गावात कामाशिवाय चालणं किती अवघड, हे डॉक्टरांना कुठनं ठाऊक असणार. दहा पावलांवर कुणीतरी विचारणारच, तात्या कुठं निघालात? "कुठंच न्हाय" असं उत्तर देणारा माणूस गावात एकतर वेडा ठरतो नाहीतर रुसून घराबाहेर पडलेला. म्हणून तात्या तोंडाला येईल त्याचं नाव सांगत, आणि एकदा नाव सांगितलं की त्या घरी जाणं भाग. गेलं की चहा. महिन्याभरानं पुन्हा रक्त तपासलं तर साखर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, चालणं राहू द्या, काहीतरी खेळा.

तात्या अठ्ठावन्न वर्षांचे. कुस्ती सोडून त्यांना तीस वर्षं झालेली, कबड्डीला कुणी घेईना. पण गावापासून पाच-सहा किलोमीटरवर साखर कारखाना होता, कारखान्याला साहेबांची कॉलनी होती, आणि कॉलनीत कुणा टेनिसवेड्या साहेबानं बांधून घेतलेलं एक टेनिसचं मैदान होतं. ते साहेब बदलून गेल्यावर तिथं फक्त मिरच्या वाळायच्या. बाहेर पाटी होती, "फक्त अधिकाऱ्यांसाठी". तात्यांनी ती पाटी दोनदा वाचली आणि हापिसात जाऊन शांतपणे विचारलं की कारखाना सभासदांचा हाय का अधिकाऱ्यांचा? तिथल्या माणसानं मिरच्या उचलायला सांगितल्या.

समोर खेळायला कोण, हा प्रश्न घरातच सुटला. सून राजेश्वरी बारामतीची. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. लग्नात रुखवताच्या ताटांमध्ये एक चांदीसारखा दिसणारा कप मांडला होता, तो सगळ्यांनी भांडं म्हणूनच बघितला होता आणि पुढं कौसल्याबाईंनी त्यात सुया-दोरे ठेवले होते. तो टेनिसचा होता. कॉलेजात असताना ती विद्यापीठाच्या संघातून खेळली होती, हे मुलानं, ऋषिराजनं, एके दिवशी जेवताना सहज सांगितलं. ऋषिराज बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला, रोज मोटरसायकलवर जाऊन-येऊन. तात्यांचा घास हातातच राहिला. दोन वर्षं घरात असलं माणूस, आणि आपल्याला पत्ता न्हाय.

मग कौसल्याबाईंची समजूत काढायला आठ दिवस लागले. सून सासऱ्यासंगं मैदानात पळणार म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं सगळं गाव उभं राहिलं. तात्यांनी प्रत्येक शंकेला एकच उत्तर दिलं, "डाक्टरनं सांगितलंय." डॉक्टरांनी सुनेचं नावसुद्धा काढलं नव्हतं. शेवटी पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट, आणि जाताना-येताना गावातून डोक्यावर ओढणी, अशा अटींवर तह झाला.

राजेश्वरी त्या दिवशी चुलीपुढं बसून उगाच हसत होती. तात्यांनी ते पाहिलं. या घरात आल्यापासून ती इतकी हसलेली त्यांना आठवेना, आणि त्याच घडीला त्यांनी मनाशी ठरवलं की साखरेचं होईल ते होवो, या पोरीचा खेळ परत उभा करायचा.

रॅकेट घ्यायला तात्या ऋषिराजला घेऊन पुण्याला गेले. दुकानातला माणूस वयस्क आणि सालस होता. त्यानं तात्यांचं धोतर-पटका बघून हसू दाबलं नाही, कारण त्याला हसू आलंच नव्हतं. त्यानं व्यवस्थित समजावून सांगितलं. रॅकेटचं डोकं मोठं असलं की चेंडू जरा इकडंतिकडं लागला तरी पलीकडं जातो, नव्यानं शिकणाऱ्यानं तशी घ्यावी, वजनाला हलकी. डोकं लहान आणि वजन जास्त, ती मुरलेल्या खेळाडूची. ताकद खेळणाऱ्यानं घालायची, रॅकेट नुसती दिशा धरते. आणि मुठीचं माप सगळ्यात महत्त्वाचं. रॅकेट हातात धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पाहिजे. त्याहून जाड असली तर हाताला पकड येत नाही, बारीक असली तर हातात फिरते, आणि दोन्हीकडून कोपराची वाट लागते.

तात्यांनी हे सगळं मान डोलावत ऐकलं. त्यांना माणूस जाणकार वाटला. मग जाणकाराला मान देतात तसा मान देऊन त्यांनी त्याचं काहीएक न ऐकता स्वतःची परीक्षा सुरू केली. आधी सगळ्या रॅकेटा भिंतीशी टेकवून लांबून बघितल्या. एकेक उचलून बोटावर तोलली. हवेत फिरवली, तेव्हा शेजारचं एक गिऱ्हाईक दुकानाबाहेर गेलं. एका काळ्या, लहान डोक्याच्या, वजनदार रॅकेटपाशी त्यांचा हात थांबला. दुकानदार म्हणाला की ही नव्या माणसाची नव्हे. तात्या म्हणाले की टेनिसला मी नवा आसंन, पर हात पन्नास वर्षं कुऱ्हाड नि कोयता फिरवतोय, हात जुना हाय. भाव ठरवताना तर त्यांनी सवयीनं दुकानदाराच्या हातावर उपरणं टाकलं आणि खाली त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच ठरतो, मुक्यानं, बोटांवर. दुकानदाराला ते माहीत नव्हतं. त्यानं हात सोडवून घेतला नाही एवढा त्याचा मोठेपणा.

मग तात्या म्हणाले, "आता हिच्या जोडीची काढा. अगदी अशीच."

दुसरी कुणासाठी, हे कळल्यावर दुकानदारानं सुनबाईंना एकदा घेऊन या, हात बघू, अशी विनंती केली. ऋषिराजही पुटपुटला की तिला विचारून घेऊ. तात्यांनी दोघांकडं दयेनं बघितलं. जोडीत एक काळा मोठा नि एक बारका पांढरा, असं कुणी कधी जुंपलंय का? आणि हौसेची वस्तू विचारून आणली तर हौस कसली?

अशी ती काळी जोडी बावड्यात आली. तात्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं.

रोज पहाटे फटफटल्यावर तात्यांची एम-एटी गाडी निघायची, मागं राजेश्वरी, दोघांच्या मधे आडव्या दोन रॅकेटा. पहिले पंधरा दिवस तात्यांचा चेंडू जाळीपलीकडं गेला तर तो थेट कुंपणापलीकडं जायचा. पण राजेश्वरी शिकवत राहिली, आणि तात्यांचा घाम निघत राहिला. दोन महिन्यांत साखर उतरली. डॉक्टर खूश झाले, आणि तात्यांना वाटायला लागलं की आपण अंगात खेळ घेऊनच जन्मलो होतो, नुसती जाळी मिळायची राहिली होती.

त्याला कारणही होतं. सुरुवातीला राजेश्वरीचा चेंडू नुसता शीळ घालत यायचा. हळूहळू तो मऊ यायला लागला. कधी जाळीत, कधी बाहेर. डाव्या बाजूचा मार तर तिनं सोडूनच दिला. तात्यांनी याचा अर्थ आपली प्रगती असा लावला. कॉलनीतल्या बायका कुंपणाबाहेरून बघायच्या, त्यांच्यातली एक म्हणाली की कॉलेजातले कप काय, हजेरीलाही देतात. ते ऐकून तात्या इतके पेटले की बारामतीच्या क्लबात जानेवारीत बायकांचे सामने होते, त्यात त्यांनी सुनेचं नाव परस्पर देऊन टाकलं.

घरी येऊन त्यांनी ते सांगितलं तेव्हा राजेश्वरी भाकरीचं पीठ मळत होती. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली की तात्या, नाव काढून घ्या, माझा खेळ गेला आता, लग्नानंतर जातोच तो.

खेळ गेला तर गेला. पण त्या पहिल्या दिवसाचं चुलीपुढचं हसूही गेलं होतं, आणि ते कधी गेलं हे आपल्याला कळलंसुद्धा नाही, याचं त्यांना जास्त वाटलं. त्यांनी नाव काढलं नाही. पण काय करावं तेही सुचेना. शेजारचा सोपान त्यांचा लहानपणापासूनचा सोबती. तो म्हणाला, "तात्या, तुमीच पोरीला घाबरवली आसंल. सासरा समोर उभा म्हटल्यावर कुनाचा हात चालंल?" तात्यांनी तेही करून बघितलं. दोन दिवस मुद्दाम चेंडू सोडून दिले. तिनं तेही ओळखलं आणि आणखी गप्प झाली.

मग एका सकाळी तात्या ओसरीवर बिनसाखरेचा चहा पीत बसले होते. समोर राजेश्वरीनं पाण्याचा हंडा उचलला, डाव्या हातानं. ठेवला डाव्या हातानं. तात्यांचं तिकडं अर्धंच लक्ष होतं. तिनं तवा चुलीवर सरकवला, तोही डाव्या हातानं, आणि तव्यावरची भाकरी घसरून मोडली. उजवा हात तिनं अंगाशी धरला होता, कोपर बरगडीला लावून.

तात्यांनी कप खाली ठेवला. असं अंग चोरून धरलेलं त्यांनी आयुष्यात शंभरदा बघितलं होतं. खांदा आलेला, म्हणजे जुवानं खांदा सुजलेला बैल मान आखडून घेतो, ओढत राहतो, आणि मालक म्हणतो बैल आळशी झाला.

सुनेच्या हाताला हात लावणं रीतीत बसत नव्हतं. त्यांनी कौसल्याबाईंना हाक मारली. "हिच्या उजव्या कोपराला भायल्या अंगानं अंगठा लाव. हळू. आता जरा दाब."

राजेश्वरीनं डोळे मिटून घेतले.

"कवापासनं?" तात्यांनी विचारलं.

"महिना झाला असेल."

"रॅकेटीनं?"

कौसल्याबाई म्हणाल्या, सांग की बाई, आता लपवून काय. तेव्हा ती म्हणाली, "जड आहे तात्या. आणि मूठ जाड आहे, माझी बोटं पुरत नाहीत. घट्ट धरायला जावं तर सगळं कोपरावर येतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही जोडी म्हणून आणलीत. हळदकुंकू वाहिलंत. जोडी फोडा म्हणून मी कुठल्या तोंडानं सांगू?"

तात्या उठले आणि गोठ्यात जाऊन बसले. थोड्या वेळानं कौसल्याबाई बघायला गेल्या तर ते बैलाच्या खांद्यावर हात ठेवून बसलेले. म्हणाले, "बैलाला बोलता येत न्हाय, म्हनून आमी जलमभर त्याच्याकडं बघत आलो. घरच्या मानसांना बोलता येतं, म्हनून बघायचंच सोडून दिलं."

कौसल्याबाई म्हणाल्या, "आज कळलं व्हय? मला चाळीस वर्सं झाली."

पुढचे पंधरा दिवस राजेश्वरीच्या कोपराला शेक आणि हाताला विसावा. भाकऱ्या कौसल्याबाईंनी केल्या, आणि गावात ही बातमी टेनिसपेक्षा मोठी झाली. तात्या त्या दिवसांत रात्रंदिवस एकाच गोष्टीचा विचार करत होते. जोडी फोडायची कशी? फोडलेल्या जोडीचा मालक म्हणजे अडला-नडला माणूस, असं गाव समजतं. सोपान मुद्दाम ओसरीवर येऊन विचारायचा, "मग, जोडी फोडनार म्हना की."

एके दिवशी तात्यांनी त्याला उत्तर दिलं, आणि देता देता ते त्यांनाच पहिल्यांदा कळलं.

"सोपाना, जू एक आसंल तर जोडी सारखी पायजे. आमी काय एका जुवात हाय व्हय? आमच्या मधी जाळी हाय. ती तिकडं, मी हिकडं."

या वेळी पुण्याला राजेश्वरी गेली. दुकानदारानं तात्यांना ओळखलं, दोन्ही हात पाठीमागं घेतले, आणि मागचं काही काढलं नाही. राजेश्वरीनं एकेक रॅकेट हातात घेतली. मूठ धरून मधे बोट घालून बघितलं. बोटावर तोलली, भार डोक्याकडं जातो का मुठीकडं ते पाहिलं. दोन पावलं पुढं जाऊन हवेत मार मारला, मग डावीकडून मारला, मग मान कलती करून उभी राहिली. दुकानदाराला तिनं सांगितलं की मी मागच्या रेषेवरून खेळणारी, फिरवून मारणारी, मला फार ताकद नको, मला लवकर फिरणारी द्या, आणि तारा जरा ढिल्या ओढा, कोपर नुकतं बरं झालंय. तात्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत होते. मत द्यायला त्यांची जीभ वळवळत होती. दोनदा ते उठले आणि दोनदा बसले. बैलबाजारातसुद्धा इतका वेळ ते कधी गप्प राहिले नव्हते. पण जे बघत होते ते त्यांना पटत होतं. पोरीनं आधी चाल बघितली. रंग तर बघितलाच नाही.

तिनं निवडली ती फिकट निळी, मध्यम डोक्याची, हलकी. मग ती सासऱ्याकडं वळली.

"तात्या, तुम्हीही बदला."

"माझं काय बिघडलंय?"

राजेश्वरी जरा थांबली. बोलावं का न बोलावं असं तिच्या तोंडावर आलं, आणि मग ती बोलली. "तुम्ही चेंडूपाशी उशिरा पोचता. पोचल्यावर मधोमध लावायला वेळ उरत नाही, म्हणून कडेला लागतो आणि तुम्ही हाताच्या जोरावर ढकलता. तुम्हाला मोठ्या डोक्याची पाहिजे. नवशिक्याची."

दुकानदार खाली वाकून काहीतरी शोधायला लागला. तात्यांना राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांना बरं वाटलं. तीन महिने जी गोष्ट या घरात कुणी बोललं नव्हतं ती दुकानात, परक्या माणसासमोर, सुनेनं सरळ तोंडावर सांगितली होती. ते म्हणाले, काढा मग सुपाएवढी.

जुन्या दोन्ही रॅकेटा दुकानदारानं ठेवून घेतल्या. तात्यांनी त्याला बजावलं की मुरलेल्या गड्याच्या हाती द्या, वाईट न्हाईत त्या. देण्याआधी त्यांनी दोन्हींच्या मुठींवरच्या पट्ट्या उलगडून काढल्या आणि खिशात टाकल्या. दुकानदारानं बघितल्यावर म्हणाले, "आमच्या घरात बैल इकला तरी दावं देत न्हाईत."

जानेवारीतल्या सामन्यांना सगळं घर बारामतीला गेलं. ऋषिराजनं रजा टाकली. कौसल्याबाई आधी येणार नव्हत्या, मग आल्या, आणि राजेश्वरीच्या आईशेजारी बसल्यावर विहीणबाईंनी पंधरा-तीस-चाळीस म्हणजे काय ते विचारलं तर कौसल्याबाईंनी ठोकून सांगितलं की ते खेळणाराचं वय असतं. तात्यांना मोजणी येत होती, पण त्यांनी मोजलं नाही. ते पूर्ण वेळ सुनेचं कोपर बघत होते.

पहिल्या सामन्यात ती जपून खेळली. दुसऱ्यात मधेच एकदा चेंडू डावीकडं आला, तो मार तिनं कित्येक दिवसांत मारला नव्हता. हात मागं गेला, कोपर सुटलं, आणि चेंडू शीळ घालत रेषेवर पडला. तिनं क्षणभर आपल्याच हाताकडं बघितलं. नंतर तिला आवरणं त्या समोरच्या बाईच्या हातात राहिलं नाही. तिसऱ्या सामन्यात ती हरली, वैष्णवी नावाच्या एका एकोणीस वर्षांच्या पोरीकडून, आणि चांगलीच झुंजून हरली.

परत येताना राजेश्वरी आपल्याच विचारात होती. ती हरली म्हणून गप्प असेल, उद्या विसावा घेईल, आपणही घेऊ, असा तात्यांनी हिशेब केला. तीन सामन्यांत नुसतं बसून त्यांचेच पाय भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे तात्या गोधडीत होते. दाराशी राजेश्वरी उभी, ओढणी कमरेला बांधलेली, दोन्ही रॅकेटा काखेत.

"तात्या, चला."

"आज? कालचे तीन झाले की."

"तिसऱ्यात माझे पाय कमी पडले. त्या वैष्णवीचा चेंडू खोल येतो. तुम्ही मला खोल टाकून द्या."

तात्या म्हणाले की मी नवशिक्या, मला कुठला खोल टाकता येतोय. ती म्हणाली की जोरानं ढकला, लांब जायला तुमचा कधीपासूनच जातोय. आतून कौसल्याबाईंच्या हसण्याचा आवाज आला. तात्या कुरकुरत उठले, मफलर गुंडाळला आणि एम-एटीला किक मारायला लागले. पाचव्या किकला गाडी सुरू झाली तोवर ती मागं बसून, आज आधी कुठली बाजू घ्यायची ते त्यांना सांगायला लागली होती.